गर्भवतीचा आहार, मेदाम्ले आणि बाळाची वाढ

गाभण गाईम्हशीला शेवटच्या दोन महिन्यांत दूध आटवून विश्रांती द्यावी व पेंडीचा खुराक वाढवावा, हे कोणत्याही जाणत्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. गर्भाची बरीचशी वाढ याच काळात होते आणि त्या वेळी झालेली कसर पुढे भरून निघत नाही, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घरातील गर्भवती सुनेच्या ताटाकडे तितक्याच जाणतेपणाने पाहिले जाते असे नाही. ती सर्वांच्या मागून जेवते, उरलेसुरले खाते, आणि जास्त खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल या समजुतीने कित्येकदा तिचे खाणे मुद्दाम तोडले जाते. गर्भवतीला पोटभर अन्न हवे, एवढे सांगून हा विषय संपत नाही. त्या अन्नातील तेलातुपाचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांचा प्रकार कोणता, यालाही महत्त्व आहे. या प्रश्नावर महाराष्ट्रात व सीमाभागात झालेल्या संशोधनाची ओळख करून देऊन त्याचा नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांस काय उपयोग आहे, हे या लेखात सांगितले आहे.

मेदाम्ले म्हणजे काय?

तेल, तूप, लोणी, चरबी हे सर्व स्निग्ध पदार्थ मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. भिंत विटांची, तसे तेल मेदाम्लांचे, असे समजण्यास हरकत नाही. मेदाम्लांचे प्रकार अनेक आहेत व त्यांपैकी बहुतेक शरीर स्वतः तयार करू शकते. दोन मात्र त्यास तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांना आवश्यक मेदाम्ले म्हणतात. पहिले लिनोलेइक आम्ल. ते ओमेगा-६ या कुळातील होय. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. ते ओमेगा-३ या कुळातील होय.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली ही गोष्ट प्रथम दाखवून दिली. त्यांनी उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकलेला आहार दिला. बाकी सर्व अन्नघटक पुरेसे असूनही उंदरांची वाढ खुंटली, त्वचा खवलेदार झाली आणि प्रजननही बिघडले. आहारात थोडीशी योग्य मेदाम्ले मिसळताच प्रकृती सुधारली. तोपर्यंत स्निग्ध पदार्थ हे केवळ शरीराचे इंधन होय असे मानले जात असे. तेल हे इंधन आहे तसेच ते शरीर बांधण्याचे साहित्यही आहे, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

गर्भाच्या वाढीत त्यांचे कार्य

मेंदूतील पाण्याचा अंश वगळला तर उरलेल्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. त्यात ओमेगा-३ कुळातील एका लांब साखळीच्या मेदाम्लाला विशेष स्थान आहे. त्याचे नाव लांबलचक असल्याने ते ‘डीएचए’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. मेंदूच्या पेशींची आवरणे व डोळ्यांतील पडदा यांत ते मोठ्या प्रमाणावर आढळते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू झपाट्याने वाढतो. त्या काळात आईच्या रक्तातील डीएचए वारेतून गर्भाकडे जाते आणि जन्मानंतर ते अंगावरच्या दुधातून मिळते. म्हणून दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले मूल या साठ्याच्या बाबतीतही उणे राहते.

जवस, मोहरी किंवा पालेभाजीतून मिळणाऱ्या अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून शरीर डीएचए तयार करू शकते. परंतु शंभर भागांतून फारच थोडे भाग तिथवर पोहोचतात. पुरुषांपेक्षा मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत हे रूपांतर अधिक होते. तरीही त्यास दोन अडचणी येतात. एक म्हणजे ओमेगा-६ व ओमेगा-३ या दोन्ही कुळांचे रूपांतर एकाच यंत्रणेमार्फत होते. घाण्यावर एकाची गर्दी झाली की दुसऱ्याचे गाळप मागे पडते, तसे येथे घडते. दुसरी म्हणजे पोटभर अन्न मिळत नसेल तर शरीर ही मोलाची मेदाम्लेसुद्धा इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणून अर्धपोटी राहणाऱ्या स्त्रीला केवळ एखादी गोळी देऊन काम भागत नाही.

पुणे जिल्ह्यातील सहा गावांचे संशोधन

आपल्या खेड्यांतील गर्भवती स्त्री काय खाते व त्याचा बाळावर काय परिणाम दिसतो, याचे एक महत्त्वाचे संशोधन पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत केले. सुमारे आठशे गर्भवती स्त्रियांच्या आहाराची अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बारकाईने नोंद करण्यात आली. या स्त्रिया बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होत्या. त्यांचे सरासरी वजन ४१.७ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले.

२००१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. आहारातील एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला नाही. परंतु अठराव्या आठवड्यात ज्यांच्या आहारात स्निग्धांश अधिक होता, त्यांची बाळे लांबीने व वजनाने सरस होती. त्याच सुमारास अधिक दूध घेणाऱ्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळेही मोठी होती. पालेभाजीचा हा संबंध सर्वांत कृश स्त्रियांत, म्हणजे चाळीस किलोंहून कमी वजनाच्या स्त्रियांत, अधिक ठळक होता. याच गावांतील दुसऱ्या नोंदींवरून, गर्भारपणी शेतातील व घरातील कष्टाची कामे जास्त करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान असल्याचे दिसून आले.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे लगेच ठरत नाही. ज्या घरी दूध व भाजी आहे त्या घरी इतरही अनुकूलता असू शकते. शिवाय याच संशोधनाने दुसरी एक सावधगिरीची सूचना दिली. इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता पुण्याची बाळे वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी नव्हती. हाडामांसाने बारीक व चरबीने भरलेले असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याची भीती असते. तेव्हा गर्भवतीला वाटीभर तूप पाजावे असा या संशोधनाचा अर्थ नाही. स्निग्धांश माफक हवा, तो योग्य प्रकारचा हवा, आणि त्याच्या जोडीला दूध, पालेभाजी व फळ हवे, असा त्याचा अर्थ आहे.

बेळगावचा प्रयोग

केवळ नोंदींवर विसंबून न राहता प्रत्यक्ष डीएचए देऊन पाहावे, या हेतूने २०१५ च्या अखेरीस बेळगाव येथे एक प्रयोग सुरू झाला. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेने तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने तो केला. शेतीप्रयोगात एका वाफ्यास खत द्यावे व शेजारच्या वाफ्यास न देता तुलना करावी, त्याच तत्त्वावर ९५७ गर्भवती स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटास शेवाळापासून काढलेले ४०० मिलिग्रॅम डीएचए रोज देण्यात आले. दुसऱ्या गटास तशाच दिसणाऱ्या, पण साध्या तेलाच्या गोळ्या देण्यात आल्या. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्याच्या आत आरंभ करून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत हा क्रम चालू होता. कोणाला काय मिळते हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते.

बाळे एक वर्षाची झाल्यावर त्यांच्या हालचाली, समज व प्रतिसाद यांची मोजणी झाली. दोन्ही गटांतील बाळांच्या विकासात उल्लेखनीय फरक आढळला नाही. जन्मवजनातही तो आढळला नव्हता. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० स्त्रियांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही बाळांच्या बुद्धिविकासात असा फरक दिसला नव्हता.

एका बाबतीत मात्र लाभाचा पुरावा बराच सबळ आहे. जगभरातील ७० प्रयोगांचा, म्हणजे जवळजवळ वीस हजार स्त्रियांच्या नोंदींचा, २०१८ साली एकत्रित आढावा घेण्यात आला. ओमेगा-३ घेणाऱ्या स्त्रियांत दिवस पुरे होण्याआधी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण शेकडा सुमारे तेरावरून बारावर आले. चौतिसाव्या आठवड्याच्या आत होणाऱ्या प्रसूती त्याहून अधिक प्रमाणात कमी झाल्या. यानंतर २०१९ साली ऑस्ट्रेलियातच साडेपाच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात एकंदरीने हा लाभ दिसला नाही. पुढील छाननीत असे आढळले की, ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मुळात कमी होते त्यांनाच लाभाची शक्यता होती. ज्यांच्यात ते पुरेसे होते त्यांना नव्हती. पुरेशा ओलीच्या जमिनीस आणखी पाणी दिल्याने पीक वाढत नाही, तसाच हा प्रकार आहे.

या सर्वांचे तात्पर्य स्पष्ट आहे. मूल हुशार होईल या जाहिरातीस भुलून महागडे डबे किंवा गोळ्या विकत घेण्यासाठी शेतकऱ्याने कर्ज काढू नये. त्याच पैशात घरी दूध ठेवावे, अंडी, मासळी व भाजी आणावी. मात्र आहारातून ओमेगा-३ मिळतच नसेल, तर ती उणीव खरी आहे आणि ती अन्नातूनच भरून काढली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातील तेले

आता आपल्या स्वयंपाकघरातील तेलांचा विचार करू. भुईमुगाच्या तेलात ओमेगा-६ मध्यम प्रमाणात असते, परंतु ओमेगा-३ जवळजवळ नसते. सूर्यफूल व करडई यांच्या प्रचलित तेलांत ओमेगा-६ भरपूर असते, ओमेगा-३ नसल्यासारखेच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगरी तालुक्यांत वरकस जमिनीवर होणारी खुरासणी हे तेथील हक्काचे गळिताचे पीक होय. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने तिचे सुधारित वाणही दिले आहेत. खुरासणीचे तेल व चटणी पौष्टिक आहेत, पण त्यांतही ओमेगा-६ चाच भरणा आहे. सोयाबीनच्या तेलात ओमेगा-३ शेकडा सुमारे सात व मोहरीच्या तेलात सुमारे दहा भाग असते. जवसाच्या तेलात मात्र ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते.

यावरून घरचे तेल टाकून द्यावे असे नाही. वर्षभर एकाच तेलावर अवलंबून न राहता भुईमूग किंवा खुरासणीच्या जोडीस सोयाबीनचे किंवा मोहरीचे तेल आलटूनपालटून वापरावे. गर्भवतीच्या आहारात दिवसाला तेलतूप मिळून साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमचे, पुरेसे होते. वनस्पती तूप आणि तळणीचे पुन्हा पुन्हा तापविलेले तेल टाळावे. त्यांतून येणारी अपायकारक मेदाम्ले वारेतून गर्भापर्यंत व दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. खाद्यतेलांतील व वनस्पती तुपातील अशा मेदाम्लांवर शासनाने जानेवारी २०२२ पासून शेकडा दोन भागांची मर्यादा घातली आहे; तथापि घरी तेच तेल वारंवार जाळण्यावर कोणताही कायदा लागू पडत नाही.

जवसाचा एक गुंठा

जवस हे पीक महाराष्ट्रात आता मुख्यतः विदर्भात दिसते. नाशिक जिल्ह्यातील ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत ते कुटुंबापुरते सहज घेता येईल. कोरडवाहू पिकाची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. ओलिताखाली नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत चालते. हरभऱ्यात जवसाच्या काही ओळी टाकल्या तरी भागते.

हिशेब साधा आहे. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम जवसाचे कूट रोज खाल्ले तर सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३ मिळते व गर्भवतीची दिवसाची या मेदाम्लाची गरज बहुधा भागते. वर्षाला हे जवस अडीच किलो होते. हेक्टरी चार-पाच क्विंटल उत्पन्न धरले तरी एका गुंठ्यात चार-पाच किलो जवस निघेल. म्हणजे एका गुंठ्यात एका स्त्रीची वर्षाची गरज भागून घरातील इतरांनाही चटणी मिळेल.

जवस अख्खे खाल्ल्यास बरेचसे न पचता निघून जाते. म्हणून ते कुटूनच खावे. कच्चे न खाता मंद आचेवर भाजावे. भाजल्याने त्यातील काही अपायकारक द्रव्ये कमी होतात व चवही येते. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच कूट करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. तळणीसाठी जवसाचे तेल वापरू नये. गर्भवतीने जवस चटणीच्या प्रमाणातच खावे. औषध म्हणून त्याचे तेल किंवा मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

जवसाखेरीज परसात व बांधावर आपोआप उगवणारी घोळाची भाजी ही पालेभाज्यांमध्ये या मेदाम्लाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मेथी, माठ, चाकवत व शेवग्याचा पाला यांतून ते थोडे मिळते; लोह व फोलिक आम्ल मिळते ते वेगळेच.

जे मांसाहार करतात त्यांच्यासाठी मासळी हा तयार डीएचएचा सर्वांत चांगला साठा होय. समुद्रातील शेवाळ हे त्याचे उगमस्थान. ते खाऊन मासळीत त्याचा साठा होतो. बांगडा व तारली यांत ते विपुल असते, गोड्या पाण्यातील मासळीत कमी असते. जेथे ताजी मासळी पोहोचत नाही तेथे आठवडे बाजारातील स्वच्छ, वास न येणारी सुकी मासळी धुऊन व पूर्ण शिजवून वापरावी. तीत मीठ फार असल्याने ती थोडीच खावी. रक्तदाब असलेल्या गर्भवतीने ती टाळावी. अंड्याच्या पिवळ्या बलकातही डीएचए अल्प प्रमाणात असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या तज्ज्ञांनी २००८ साली गर्भवती व स्तनदा स्त्रीसाठी दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए असावे अशी शिफारस केली आहे. आठवड्यातून दोनदा समुद्राची तेलकट मासळी खाल्ल्यास ती सहज पुरी होते.

बाळंतपणानंतर

अंगावरच्या दुधातील डीएचएचे प्रमाण आईच्या आहाराप्रमाणे कमीजास्त होते. म्हणून बाळंतिणीचे पथ्य म्हणजे उपासमार नव्हे. बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत या दृष्टीने डोळस आहे. अळिवाच्या तेलात सुमारे एक-तृतीयांश भाग ओमेगा-३ असते. अळीव, जवस, दूध, पालेभाजी व चालत असल्यास अंडी व मासळी हे सर्व बाळंतिणीस द्यावे. आईचा आहार बेताचा असला तरी तिचे दूध हेच बाळाचे सर्वोत्तम अन्न होय. पहिले सहा महिने केवळ तेच द्यावे. डब्याच्या दुधाच्या मोहात पडू नये. सहा महिन्यांनंतर बाळाच्या खिमटीत किंवा मऊ भातात एक लहान चमचा तेल अथवा तूप घालावे, म्हणजे थोड्या घासांत पुरेसे पोषण मिळते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

मुंबईतील झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात पालेभाजी, फळ व दूध यांचा एक पदार्थ स्त्रियांना रोज देऊन पाहण्यात आला. ज्या स्त्रियांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे ४८ ग्रॅमने अधिक भरले. पदार्थ घेणाऱ्या गटात गर्भारपणीच्या मधुमेहाचे प्रमाणही बरेच कमी होते. पेरणीच्या आधी जमीन तयार करावी लागते, हाच याचा धडा आहे. म्हणून आहाराची गोष्ट सातव्या महिन्यातील ओटभरणीच्या वेळी नव्हे, तर लग्न होऊन घरात आलेल्या सुनेपासून व शाळेतील मुलीपासून सुरू करावी.

आदिवासी भागात गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ साली सुरू झाली. पेठ व सुरगाण्याकडील अनेक कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामास येतात. अशा कुटुंबांतील गर्भवती गाव सोडताच अंगणवाडीच्या ताटाला अंतरते. बागाईतदाराने अशा स्त्रीची नोंद जवळच्या अंगणवाडीत करवून द्यावी, तिला जड ओझे व औषधफवारणीचे काम देऊ नये, आणि दुपारची विश्रांती द्यावी. गावच्या कार्यकर्त्यांनी बागांवर स्वतः जाऊन अशा स्त्रियांची यादी करावी. त्या आपण होऊन येतील अशी वाट पाहू नये.

ही गोष्ट केवळ स्त्रियांच्या सभेत सांगून भागणार नाही. दुधाचा शेवटचा थेंब डेअरीस घालावयाचा की पेलाभर घरी ठेवावयाचा, बांधावर जवसाच्या ओळी टाकावयाच्या की नाही, बाजारातून काय आणावयाचे, हे निर्णय बहुधा घरातील पुरुष व सासू घेतात. तेव्हा कृषी व आरोग्य या दोन्ही खात्यांच्या कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पेरणीपूर्व सभेतच हा विषय मांडावा आणि सासू, सासरे व नवरा यांना समोर बसवून सांगावा. सुनेला सर्वांबरोबर ताट वाढावे, त्यात रोज एक पालेभाजी, चमचाभर जवसाची चटणी व पेलाभर दूध असावे, हे ज्या घराने ठरविले, त्या घराने बाळाच्या वाढीची सुरुवात योग्य वेळी केली.